कापसात पुरलेल्या बाटल्या

माझ्या जमुनेचा उजवा डोळा कसा गेला, हे तेल्हाऱ्यात कोणालाही विचारा. बाटली फुटली, काच लागली, डोळा गेला, असं सांगतील आणि वर हळहळतील. ते खोटं नाही. पण बाटली फुटण्याआधी थोडासा वेळ होता, पानाला चुना लावायला लागतो तेवढा. त्या वेळात मी काय केलं हे कोणी सांगत नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नाही. आता माझं वय झालं. वर जाऊन चित्रगुप्तासमोर उभं राहून सांगण्यापेक्षा इथंच सांगून टाकलेलं बरं.

आमचा मळा अकोल्याला, मोर्णेच्या काठी. आम्ही माळी. वांगी, लिंबं, आलं, आणि फुलांत शेवंती आणि झेंडू. माझे मालक, जमुनेचे वडील नत्थुजी, रोज सकाळी कापूस-कंपनीच्या साहेबाच्या बंगल्यावर भाजी घालत. तिथला गोवेकर स्वयंपाकी उन्हाळ्यात साहेबासाठी आल्याचं फसफसतं पाणी करायचा. आलं आणि लिंबं आमचीच. एकदा मी स्वतः टोपली घेऊन गेले आणि त्याच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून ते सगळं डोळ्यांनी शिकून आले.

करायला सोपं आहे. किसलेलं आलं आणि गूळ थोड्या पाण्यात कालवून मडक्यात घालायचं, वर फडकं बांधायचं, आणि रोज त्याला चिमूटभर आलं, चिमूटभर गूळ खाऊ घालायचा. पाचव्या दिवशी मडक्याला कान लावला की आत चुरचुर ऐकू येते. ते झालं विरजण. मग पाणी उकळून निववायचं, त्यात साखर, आल्याचा रस, भरपूर लिंबू आणि वाटीभर विरजण. जाड बाटलीत भरून बूच ठोकायचं आणि सुतळीनं आवळून बांधायचं. तिसऱ्या दिवशी उंच पेल्यात ओतलं की फेस वर चढतो, नाकात झिणझिण्या येतात आणि वैशाखाचं ऊन घटकाभर विसरायला होतं. नशा म्हणाल तर ताकाइतकीही नाही.

फक्त त्या स्वयंपाक्यानं दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. “रोज शाम को बूच ढीला करके इसकी हवा निकालना, बाई. और गीली रेत में रखना, ठंडे में. नहीं तो ये पानी नहीं, बारूद है.”

मला वाटलं, साहेबाच्या घरचा माणूस, बारक्या गोष्टीचा बाऊ करायची सवय असेल. तरी मी ते पाळलं. आमच्या घरी कधी एक बूचही उडालं नाही.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती, आणि तिकडे माणसं मरत होती तसतशी इकडे आमच्या वऱ्हाडात माणसं फुगत होती. कापसाला सोन्याचे दिवस आले होते. कालपर्यंत चटणी-भाकरीवर राहणाऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. तेल्हाऱ्याचे केशवराव पाटील त्यातलेच. माणूस वाईट नव्हता, पण हाती पैसा आल्यापासून त्यांना साधं पाणीसुद्धा साधं प्यावंसं वाटेना. साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी ते फसफसतं पाणी पाहिलं, आणि आपल्या मुलीच्या, शालूच्या लग्नात व्याह्यांना तेच पाजायचं असं मनात घेतलं. व्याही होते अमरावतीचे महादेवराव, कापसाचे मोठे अडतदार. केशवरावांचा त्या वर्षीचा सगळा कापूस त्यांच्याच अडतीवर जायचा होता. म्हणजे मुलगीही तिकडेच आणि कापूसही तिकडेच.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी आणि जमुना विरजणाचं मडकं मांडीवर धरून छकड्यानं तेल्हाऱ्याला गेलो. जमुना तेव्हा सोळा वर्षांची. तिचं लग्न झालेलं होतं, ज्येष्ठात सासरचे तिला न्यायला यायचे होते. तिच्या हातात कला होती. झेंडूच्या माळेत पान कुठं घालावं हे तिला सांगावं लागत नसे. लग्नाची तोरणं आणि मुंडावळ्याही तिनंच करायच्या होत्या.

तेल्हाऱ्याकडचं विहिरीचं पाणी खारट, जिभेला लागलं की तोंड वाकडं होतं. आमच्यासाठी केशवरावांनी चार कोसांवरून गोड्या पाण्याच्या पखाली मागवल्या. बाटल्या साहेबाकडच्या रिकाम्या, हिरव्या, जाड काचेच्या. आधी त्यात दारू होती, म्हणून मी त्या राखेनं घासून पाण्यात उकळल्या. तरी केशवरावांच्या आई पार्बताबाई यांनी त्यांवर तीनदा गोमूत्र शिंपडलं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ.

“दारू तं नाई ना व हे, गोदा?” त्यांनी विचारलं. “माह्या उंबऱ्याच्या आत दारू येनार नाई.”

“नाई मोठ्या बाई. तीन दिवसांच्या आत पेलं तं नुसतं आल्याचं पानी हाय.”

“मंग पिऊन दाखव.”

मी घरून आणलेलं तयार पाणी तांब्याभर प्याले आणि विहिरीच्या काठावरून सरळ चालून दाखवलं. गड्यांनी टाळ्या वाजवल्या. पार्बताबाई हसल्या नाहीत.

चाळीस बाटल्या भरल्या. मी विहिरीच्या सावलीत ओल्या रेतीचा खड्डा करायला गड्यांना सांगत होते, तेवढ्यात केशवराव आले.

“रेतीत कायले? कापसात ठेवा.”

“कापसात, पाटील?”

“म्या मुंबईले बर्फ पाह्यला. घोंगड्यात गुंडायून ठेवते, उन्हात बी पघयत नाई. कापूस तं घोंगड्याहून जाड. अन् इवायाच्या डोयांसमोर आपल्या कापसातून बाटल्या निंघाल्या पाह्यजेत. लोक सांगत राह्यले पाह्यजेत.”

खरी गोम ती होती. त्यांचा कापूस विकायचा राहिला होता. भाव अजून चढेल म्हणून ठेवलेला. मांडवाच्या अंगालाच कोठा, त्यात छताला लागेल असा पांढराशुभ्र ढीग. त्या ढिगात आम्ही चाळीस बाटल्या हातानं पुरल्या, काही कडेला, काही कोपरभर आत. कापूस कोरडा होता आणि हाताला गार लागत होता. मला वाटलं, माणूस बढाईखोर असला तरी बोलतो ते खरं असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोठ्याकडे निघाले तर पार्बताबाई दारात बसलेल्या. प्रत्येक बाटलीच्या बुचावर त्यांनी पुरण्याआधीच हळदीचा दोरा बांधून कुंकवाचं बोट लावलं होतं.

“कुठी चालली?”

“हवा काढा लागते, बाई. रोज सांजेले. बूच जरासं ढिलं कराचं अन् पुन्हा बांधाचं.”

“अन् मंग ते उष्टं नाई झालं काय? देवाच्या आंधी, इवायाच्या आंधी?”

“मी तोंड नाई लावत, बाई. नुसती हवा.”

“नुसती हवा!” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झाले. “मायीन हायस ना तू? फुलाचा नुसता वास घेतला तं ते फूल देवाले वाह्यतेस काय?”

वास घेतलेलं फूल आम्ही देवाला देत नाही. लहानपणी जमुनेनं मोगऱ्याची कळी नाकाला लावली म्हणून मी स्वतः तिच्या हातावर चापट मारली होती. माझ्याच शास्त्रानं त्यांनी मला बांधून टाकलं. मी मनात हिशेब केला: परवा वरात येते, सीमांतपूजनाला नैवेद्य दाखवला की उघडायच्याच आहेत. दोन दिवसांनी काय बिघडतं?

वरात परवा आली नाही. तेरवाही आली नाही. सगळ्या मुलखातले बैल कापूस वाहण्यात गुंतलेले, अमरावतीत महादेवरावांना पुरेशा गाड्याच मिळेनात. अडतदाराच्या मुलाची वरात कापसानं अडवून धरली म्हणून लोकांनी थट्टा केली. भटजींनी चार दिवसांनी दुसरा मुहूर्त काढून दिला. मी पार्बताबाईंच्या पाया पडून म्हटलं, ह्या बाटल्या ओतून टाकू, नवीन भरते. त्या म्हणाल्या, “देवाच्या नावानं कुकू लागलं, ते उकिरड्यावर ओतू काय?” केशवरावांना सांगितलं. ते म्हणाले, “तू लई भेते व गोदा.”

त्या चार दिवसांत ऊन असं पडलं की अंगणातल्या कोंबड्या चोच उघडी टाकून बसत. कोठ्याला केशवरावांनी कुलूप घातलं. एकदा दुपारी सगळे आडवे झालेले असताना मी पाहिलं, त्यांच्या दोन गड्यांनी खाऱ्या विहिरीच्या पाण्याच्या घागरी कोठ्यात नेल्या आणि रिकाम्या बाहेर आणल्या. दुसऱ्या दुपारीही तेच. खारं पाणी पिण्याचं नाही, धुण्याचं नाही. मला वाटलं, जमिनीवर धूळ बसायला सडा घालत असतील. आपल्याला काय करायचं, म्हणून मी मान वळवली. तशीही मला मान वळवायची सवय होतीच.

तिसऱ्या दिवशी कोठ्यात कुठंतरी धप्प झालं. गोणी पडावी तसा आवाज, दबका. मांजर असेल, असं एक गडी म्हणाला. उन्हानं छपराचं आढं तडकलं, असं दुसरा म्हणाला. जमुना मांडवात माळ ओवत होती. तिनं दाराच्या फटीला कान लावला.

“माय, बोलून राह्यल्या त्या.”

“काय म्हनतात?”

“समजत नाई. लई जनी एकदम बोलतात.” आणि ती हसली. तिला त्या बाटल्यांचा लळा लागला होता. घरीही विरजणाच्या मडक्याला कान लावून बसायची.

मला हसू आलं नाही. फटीतून आंबूस गोड वास येत होता, पिकून फुटलेल्या फळासारखा. मी तिला ओढून माळेकडे बसवलं आणि म्हटलं, “बाटल्या मी काढीन. तू जवय याचं नाई.” तिनं हो म्हटलं.

बाटल्या भरल्यापासून सहाव्या दिवशी, उन्हं कलल्यावर वरात आली. ताशे वाजले, पाय धुणं झालं, सीमांतपूजन झालं. मांडवात गाद्या टाकल्या, महादेवराव मधे टेकून बसले. जाडजूड, हसरे गृहस्थ. आत माजघरात शालू पिवळी साडी नेसून बसली होती. मी तिला फुलं देऊन आले. मग केशवरावांनी कुलूप काढलं, कोठ्याची दोन्ही दारं उघडली, आणि पांढरा डोंगर मांडवाच्या तोंडाशी आला. पाहुणे “वा!” म्हणाले. पार्बताबाईंनी कडेची एक बाटली काढून घेतली. माझ्या हातानं ती उघडली.

फस्स झालं, फेस उसळला, थोडा माझ्या पदरावर सांडला. चांगलं निघालं. देवाला नैवेद्य, मग महादेवरावांना उंच पेला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, शिंक आली, आणि मांडव खदाखदा हसला.

“केशवराव, हे तं लई भारी हाय!”

मी कडेच्या सात-आठ काढल्या. सगळ्या ठीक. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, खरंच सांगते, सहा दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. पेले फिरत होते, मागणी वाढत होती. जमुनाही आता रिकामे पेले गोळा करत जवळ आली होती. मी तिला हटकलं नाही. मग आतल्या बाटलीसाठी मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

कापूस गरम होता.

उन्हानं तापलेला नाही. वर गार आणि आत गरम, ओलसर, चिकट. माळ्याच्या बाईला हे सांगावं लागत नाही. शेणखताचा ढीग ओला करून दाबून ठेवला की आठ दिवसांनी त्याच्या पोटात हात ठेववत नाही. त्या दोन दुपारच्या घागरी माझ्या डोळ्यांपुढं आल्या. वजन वाढावं म्हणून केशवरावांनी कापसावर पाणी शिंपडलं होतं, आणि ओला कापूस आतून पेटायला निघाला होता. त्या उबेत माझ्या बाटल्या सहा दिवस बसल्या होत्या, तोंड बांधून.

माझ्या तोंडात शब्द आला होता. “मागं व्हा, कापूस तापला हाय.” एवढंच म्हणायचं होतं. सहा वर्षांच्या पोरालाही म्हणता आलं असतं.

पण समोर महादेवराव बसले होते, ज्यांच्या अडतीवर हा कापूस जायचा होता. कापूस तापला म्हणजे तो भिजवला, हे अडतदाराला वेगळं सांगावं लागलं नसतं. मांडवात दोनशे माणसं. आत पिवळ्या साडीतली ती पोर. मी मनात म्हटलं, माझ्या एका शब्दानं हिचं लग्न मोडेल. कोणाच्या लेकीचं वाटोळं माझ्या हातून नको. मी हात हळूच बाहेर काढला, पदराला पुसला, आणि केशवरावांच्या कानाशी जाऊन सांगावं म्हणून त्यांच्याकडे वळले. चार पावलांचं अंतर होतं.

मागून महादेवरावांचा आवाज आला, “अजून आना ना व!” आणि जमुनेचा, “आनतो जी.”

मी वळले तेव्हा तिचा हात ढिगातून बाहेर येत होता. हातात हिरवी बाटली. तिनं ती कानाजवळ नेली, नेहमी करायची तशी. बूच उडालं नाही. बाटलीच गेली. आवाज फार मोठा नव्हता, ताशाच्या एका टिपरीएवढा. मग ढिगात आणखी दोन-तीन धप्प झाले आणि कापूस उसळून तिच्यावर पडला. पांढऱ्यावर ती लाल उभी होती. ती ओरडली नाही. “माय, डोयात काही गेलं व,” एवढंच म्हणाली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वैद्यानं तूप लावून बांधायला कापूस मागितला. घरात कापसाला काय तोटा! मी त्यातला घ्यायला नको म्हणून ओरडत होते आणि कोणाला कळत नव्हतं की ही बाई कशाला ओरडते आहे.

तोवर ढिगातून वाफ यायला लागली होती. पेट घेईल म्हणून गड्यांनी फावड्यांनी कापूस अंगणात ओढून पसरला. आतला सगळा पिवळा-काळा पडलेला, त्याला कुजका वास. दोनशे माणसांनी पाहिलं. मी ज्याच्यासाठी तोंड मिटलं होतं ते सगळं अंगणात उघडं पडलं. केशवराव खाली मान घालून उभे राहिले. महादेवराव उठले, चिमूटभर कापूस उचलून वास घेतला, आणि व्याह्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“काहून मान खाली घालता, इवाई? आमी बी शिपडतो. यंदा कोन नाई शिपडत? तुमचा हात जरा जास्त पडला, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूचं लग्न लागलं. तिला जमुनेनंच केलेल्या मुंडावळ्या बांधल्या होत्या.

मोडायचं काही नव्हतंच. मी बोलले असते तर महादेवराव असेच हसले असते आणि माझी पोर दोन डोळ्यांनी घरी आली असती. ज्येष्ठात तिच्या सासरचे न्यायला आले नाहीत. पोरगी नको म्हणून निरोप आला, तोही शेजारच्या माणसाकडून. थोड्याच दिवसांत लढाई थांबल्याची बातमी आली आणि कापूस गडगडला, केशवरावांचा आणि सगळ्यांचाच. मला त्याचं ना सुख ना दुःख. घरच्या बाटल्या मी फोडून मोर्णेच्या काठी पुरल्या, विरजण नदीत ओतलं.

जमुना माझ्याचजवळ राहिली. एका डोळ्यानं माळा करायची, आणि चांगल्या करायची. त्या दिवसाबद्दल तिनं अकरा वर्षं अवाक्षर काढलं नाही. मी तर काढणारच नव्हते. कोणी विचारलं तर आम्ही दोघी म्हणायचो, बाटली फुटली.

मग एका पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांसाठी झेंडूच्या माळा ओवत बसलो होतो. सुईत दोरा घालताना तिला त्रास व्हायचा, म्हणून मी ओवून देत होते. ती सहज म्हणाली, जसं कोणी पावसाबद्दल बोलावं:

“माय, तो कापूस आतून गरम होता ना?”

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. “तुले कसं मालूम?”

“हात घातला तं समजलं. खताच्या ढिगावानी. म्या मनात म्हनलं, बाटली सोडून द्यावं.” तिनं दोरा दातानं तोडला. “पन तुवा हात माह्या आंधी घातला होता. तू काही बोलली नाई. म्या म्हनलं, मायले समजलं असन ना. काही असतं तं माय बोलली असती.”